छिन्नी धरणारी

यादवने घण उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“काय झालं?” कमळाबाईने विचारलं. रुळाच्या तुकड्यावर क्रेनचा जुना लोखंडी दोर आडवा पडला होता, अंगठ्याएवढा जाड. तुटल्यावर पीळ उसवू नये म्हणून दोन्ही बाजूंना तार आवळलेली. मधोमध छिन्नी टेकवून ती उकिडवी बसली होती.

“दमलो,” यादव म्हणाला. ते काही खोटं नव्हतं.

काल्हेरच्या त्या भंगारखान्यात वीज सकाळीच गेली होती. भारनियमनापुढे ग्राइंडर कसला चालतोय! गॅस कटर केसरीनाथ शेठनेच बंद केलेला. दोराच्या पोटातली तेलकट सुतळी पेटली की आवरत नाही, आणि भिंतीपलीकडे कापडाचं गोदाम. यंत्रं हात वर करून मोकळी झाली. माणसाने मात्र हाणत बसायचं.

पण यादवचं दुखणं निराळंच होतं. पावसाळ्यापासून त्याला छिन्नीचं डोकं धड दिसत नव्हतं. एकाच्या जागी दोन दिसायची, दोन्ही धुरकट. घण बरोबर पडत होता तो निव्वळ सवयीने. एक घाव चुकला की बायकोची बोटं गेली, हे त्याला पक्कं कळत होतं. तरी तो घण उचलत आला होता, कारण घण सुटला तर खायचं काय? आज मात्र हात वर जाईना. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आधी छिन्नी रामू धरायचा. चांगला दणकट गडी. पण कमळाबाईने एक दिवस त्याला ट्रक भरायला पिटाळलं आणि स्वतः त्याच्या जागी बसली. ‘त्याचं ध्यान नसतं,’ म्हणाली. यादवला पटलं नव्हतं. पण दिवसभर घण मारून आल्यावर बायकोशी वाद घालायचं बळ कुणात असतं?

“कमळे, ऊठ तू,” तो म्हणाला. “रामूला बोलाव. तो धरील.”

“का?”

त्याने घणाचा दांडा सोडला. “मला दिसत न्हाय. छिन्नी कुठं, तुजा हात कुठं, कायच कळत न्हाय.”

कमळाबाई दचकली नाही. तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला आणि छिन्नी पुन्हा दोरावर टेकवली.

“म्हायती हाय मला,” ती म्हणाली. “तुमच्या घनाखाली लोकाच्या लेकराचा हात कसा ठेवू?”