जर्सीतली वाळू

"या खाऱ्या पाण्यात रक्ताचे डाग निघतायत थोडेच!" शारजातल्या बंगल्यामागे टबापाशी बसलेली खैरुन्निसा पुटपुटली. दर शनिवारी साहेबाची जर्सी अशीच यायची.

"रग्बीत लागायचंच," स्वयंपाकघराच्या दारातून तिचा नवरा हमीद म्हणाला. "विलायतेत तिकीट काढून बघायचे लोक त्याला."

"मग क्लबानं हाकललं का? मैदान सुटलं तरी हात आवरत नव्हते म्हणूनच ना?"

"हळू बोल. चाकरी आहे आपली."

साहेबाची दारूच्या गुत्त्यातली मारामारी तिकडच्या पेपरात आली होती, हे सगळे चवीनं सांगत. मेमसाहेबांच्या काळ्यानिळ्या दंडांबद्दल मात्र कोणी बोलत नसे. आज तर त्यांचा चहा बंद दाराबाहेरच निवला होता.

भिजवण्याआधी खैरुन्निसानं नेहमीसारखी जर्सी झटकली. इथलं मैदान वाळूचंच, त्यामुळे एरवी ओंजळभर वाळू सांडायची. आज कणही पडला नाही.

"अहो, काल मॅच होती ना?"

हमीदनं जर्सीवरच्या डागांकडे पाहिलं.

"नव्हती. काल तो घरातच होता." मग हमीद आत वळला. "मारतो तो तिला, खैरून. चल, दार उघडू."