बापूंचा नमस्कार

दत्तमंदिराचं वळण आलं, तसे बापू हिरवे यांचे हात सवयीने स्टिअरिंगवरून सुटून जोडले गेले आणि डोळे मिटले.

"चालक बेसावध. दुसरी वेळ," गाडी म्हणाली.

तिसऱ्या वेळी लायसन्स आपोआप रद्द होणार होतं.

"अगं, नमस्कार करतोय मी!" बापू खेकसले. "चाळीस वर्षं या रस्त्यावर करतोय!"

पुढे मारुतीचं देऊळ दिसलं. बापूंनी दातओठ खात स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. तेवढ्यात गाडीने आपणहून वेग कमी केला, दिवे दोनदा मिचकावले आणि हळूच हॉर्न वाजवला.

"आता हे काय?"

"तुम्ही समोर बघा, बापू. तुमचा नमस्कार मी पोचवलाय."