त्यागमूर्ती

शनिवारी सकाळी वायनरीला निघताना चार मित्रांची जुंपली, तीही गाडीच्या किल्लीवरून.

त्यांतल्या टेलरमास्तरांचं कॉलेजातलं टोपणनाव 'टाकी'. कितीही ओता, भरायचीच नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी "यापुढे एक थेंबसुद्धा नाही" अशी तंबी दिली होती; पण हे मित्रांना सांगायचं म्हणजे तीस वर्षांची अब्रू धुळीला मिळायची. म्हणून मास्तरांनी नामी युक्ती काढली होती. गाडी आपणच चालवायची, म्हणजे 'का पीत नाहीस' असं कुणी विचारणारच नाही.

"तुम्ही मनसोक्त प्या रे, मी चालवतो," ते मोठ्या मनाने म्हणाले.

"टाकीला कोरडं ठेवून आम्ही प्यायची? छे! मी चालवतो," वकील उसळला. चष्म्याच्या दुकानवाल्याने आपल्या नजरेची ग्वाही दिली. बँकवाला तर किल्ली खिशात घालून स्टेअरिंगवर जाऊनच बसला.

एकमेकांवर इतका जीव टाकणारे मित्र! मास्तरांना अगदी भरून आलं. शेवटी, परतताना कोण चालवणार ते तिथे गेल्यावर बघू, असं म्हणून गाडी एकदाची हलली.

वायनरीत टेबलावर ग्लास मांडता मांडता तिथल्या बाईंनी हसून विचारलं, "परत जाताना गाडी कोण चालवणार आहे? त्यांना मी द्राक्षाचा रस देते."

चारही हात एकदम वर गेले.

 

"अय्या, चार गाड्या घेऊन आलात?"