पंचेचाळीस हजारांची डिग्री

"आता तुम्हीच सांगा साहेब, एवढी शिकलेली बाई, आणि पोरीच्या दुधाला आमच्याकडं पैसे मागते!" साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून रुपचंदआबा म्हणाला. धुळ्याच्या त्या कोर्टात त्याचा आवाज बाजार समितीत लागतो तसा लागला होता.

त्याची सून पुनम समोरच्या बाकावर बसून ऐकत होती.

भूषणनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला आणि दोन वर्षांच्या ऋतिकाला देवपूरला माहेरी आणून सोडलं, त्याला वर्ष झालं होतं. पुनम केळीची रोपं तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला लागली. पगार अकरा हजार. स्वतःसाठी तिनं काहीच मागितलं नव्हतं. मुलीसाठी तेवढी पोटगी मागितली होती, महिन्याला पंधरा हजार. त्यावर भूषणनं शपथेवर लिहून दिलं होतं : शिक्षण बारावी, वडिलांच्या शेतात मजुरी, महिन्याला चार हजार सुटतात.

आज लेकाच्या बाजूनं साक्ष द्यायला बाप उभा होता, आणि चांगली तयारी करून आला होता. जाहिरातींची कात्रणंच त्यानं पिशवीभर आणली होती.

"बायोटेकची डिग्री शे साहेब, खेळ नाही. जळगावकडं पंचेचाळीस हजारांच्या खाली कोणी बोलत नाही. ही अकरा हजारांत बसली शे, ती फक्त आम्हाला लुबाडायला."

पुनमला हसू आलं असतं, पण आतून नुसता जाळ होत होता. लग्नानंतर तिनं नोकरीचं नाव काढलं, तेव्हा हाच माणूस चारचौघांत म्हणाला होता, "त्या डिग्रीचं लोणचं घाल." आणि गेल्या पावसाळ्यात ऋतिका तापानं फणफणली, तेव्हा तिनं भूषणला फोन लावला. उचलला आबानं. "पैसे कशाला? डिग्री उगाळून पाज तिला," म्हणाला आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून पुनमला या माणसाचं नाक कापलेलं बघायचं होतं. देवापुढं हात जोडतानाही ती दुसरं काही मागत नव्हती.

"आक्षेप घेऊ का?" तिच्या वकील कामिनीताई कानाशी कुजबुजल्या. "कात्रणं काय, कुणीही आणेल."

"नको ताई. बोलू द्या. आणखी बोलू द्या."

आबाला चेव चढला. लॅबमधलं काम किती मोलाचं असतं ते तो साहेबांना समजावू लागला. "ते यंत्र असतं ना वाफेचं... ऑटो... ऑटो..."

"ऑटोक्लेव्ह," मागच्या बाकावरून भूषण हळूच म्हणाला आणि लगेच चपलांकडं बघू लागला.

मग कामिनीताई उलटतपासणीला उठल्या. त्यांचा स्वर अगदी मऊ होता.

"आबा, ही डिग्री असली की कुणालाही पंचेचाळीस हजार मिळतात?"

"कुणालेबी."

"बाई असो, बाप्या असो?"

"बाप्याला तर पन्नास! तो रातपाळीत राबतो, कुठंबी जातो."

"पण नोकरी शोधायला वेळ लागत असेल."

"कसला वेळ? पाचोऱ्याचा धनसिंगशेठ माझ्या नात्यातला. त्याची स्वतःची लॅब शे. मी एक फोन केला, की उद्या सकाळी कामावर हजर."

"आणि एवढं असून कुणी घरी बसला तर?"

"तर तो कामचोर म्हणायचा. पोटच्या पोरीला उपाशी ठेवणाऱ्याची कोर्टानं गय करू नये!"

न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं टाइप करून घ्यायला सांगितलं. आबानं पुनमकडं बघत मिशीवरून हात फिरवला. पुनमनंही आज पहिल्यांदाच मान वर करून त्याच्या नजरेला नजर दिली.

कामिनीताईंनी फाइलमधून एक जाड, गुलाबी कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. "ही लग्नपत्रिका तुम्हीच छापलीत ना?"

"मीच! हजार छापल्या होत्या, सोनेरी अक्षरांत. खाली विनीत म्हणून नाव शे ना माझं." आबा खुशीत आला. त्यानं कार्डावर बोट ठेवलं. "हे बघा साहेब, सुनेच्या नावापुढं डिग्री! आमच्याकडं लग्नात नावापुढं डिग्री टाकतातच. खोटं असतं तर छापलं असतं का मी?"

"म्हणजे यात छापलंय ते सगळं खरं?"

"बठ्ठं खरं शे!"

"मग तिच्या नावाच्या वरची ओळ वाचता का, आबा?"

आबानं चष्मा नीट केला. त्या ओळीवर बोट नेलं आणि झटकन मागं घेतलं. न्यायाधीशांनी हात पुढं करून कार्ड मागून घेतलं.

"चि. भूषण," त्यांनी मोठ्यानं वाचलं, "बी. एस्सी. बायोटेक."