डल्सीची वात

"आजही बोट नाही," सेल्बी पेडल दारातूनच म्हणाला आणि बुटांवरचा बर्फ पायरीवर आपटून आत आला. "दुकानात सिगरेटचं एक पाकीट उरलेलं नाही. सगळं बेट एकमेकांवर गुरगुरतंय."

त्याची बायको डल्सी मान खाली घालून बसली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची ई-सिगरेट उघडून पडली होती. आतली कॉइल, म्हणजे निकोटीनचा रस तापवणारी तारेची गुंडाळी, जळून काळीठिक्कर झाली होती, आणि नव्या कॉइल खाडीपलीकडच्या दुकानात होत्या. सप्टेंबरात डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो दाखवला, तेव्हापासून तिनं सिगरेट ओठाला लावलेली नव्हती. आज मात्र सकाळपासून तिला तलफ आवरत नव्हती. न्याहारीच्या वेळी तिनं मांजरालासुद्धा शिव्या घातल्या होत्या.

सेल्बीनं खुंटीवरचं जुनं जाकीट काढलं, खिसे चाचपले, मग फाटलेल्या अस्तरात बोटं घातली. एक चपटी झालेली सिगरेट बाहेर आली. त्यानं ती मधोमध मोडली आणि अर्धी डल्सीच्या कपाजवळ ठेवली.

"एकट्यानं ओढायला बरं नाही वाटत," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच वाटून घेत होता, आणि म्हणूनच ते जास्त अवघड होतं.

डल्सी त्या तुकड्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"उचल ते."

"अगं, अर्ध्यानं काय होतंय?"

"अर्ध्यानंच होतं, सेल्बी."

ती उठली. खालच्या खणातून तिनं एक पत्र्याचा डबा काढला. दूर अल्बर्टा प्रांतात कामाला गेलेल्या भाचीनं, रॉक्सननं, तो नाताळात पाठवला होता. त्यात बारीक तारेचं रीळ होतं, कापूस होता, छोटा स्क्रूड्रायव्हर होता, एक जादा बॅटरी होती, आणि घरी बांधलेली कॉइल स्क्रूनं आवळून बसवायची दोन टोपणं होती. तेव्हा डल्सीनं हसून डबा खणात टाकला होता.

"ते पोरांचे उद्योग," सेल्बी म्हणाला. "तुला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो."

"मग चष्मा दे इकडे."

तिनं स्क्रूड्रायव्हरच्या दांडीभोवती तार गुंडाळली. हात सैल पडला, आणि तार टुणकन उडून साखरेच्या भांड्यात पडली. दुसऱ्यांदा वेढे बसले, पण तिनं स्क्रू असा करकचून आवळला की तार तुटली.

"अख्ख्या गावाची जाळी विणून झाली असती एव्हाना," सेल्बी अर्धवट उघड्या दारातून म्हणाला. घरात धूर करायला तिची बंदी होती. बाहेर वारा त्याचा अर्धा तुकडा त्याच्याआधीच ओढून घेत होता.

"दार लाव. माझा कापूस उडतोय."

तिसऱ्या खेपेला तिनं वेढे एकमेकांना चिकटवून घेतले, सावकाश, श्वास धरून. बटण दाबलं. तार मधोमध लाल झाली आणि ती लाली दोन्ही टोकांना सारखी पसरली. डल्सीनं बोट काढलं, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग कापसाची वात वळून तिनं वेढ्यांतून ओवली, बाटलीतला रस थेंबाथेंबानं मुरवला आणि झुरका घेतला.

जळक्या चिंध्यांसारखी चव आली. ती इतकी खोकली की डोळ्यांतून पाणी आलं.

सेल्बी आत आला. त्याचा तुकडा संपला होता. त्यानं तिच्या कपाजवळचा तुकडा उचलून तिच्यासमोर धरला. "बास झालं, डल्सी. कुणी काही म्हणणार नाही तुला."

तिनं डोळे पुसले. "वात जाड झाली," ती म्हणाली. "रस आत शिरायला जागाच नाही."

"तुला काय माहीत?"

"माहीत नाही. पण तसंच असणार. तू जा तुझं ते ओढ."

तो तुकडा घेऊन बाहेर गेला.

तिनं जळलेला कापूस उपसून टाकला. नवी वात निम्म्या जाडीची वळली. वेढ्यांतून ओढली तेव्हा ती जराशी अडली, पण तार हलली नाही. तिनं टोकं कातरली, खाली दुमडली. रस पडताच कापूस गपकन प्यायला. तिनं बटण दाबलं. मंद चरचर झाली, कढईत लोणी पडावं तशी.

डल्सीनं झुरका घेतला आणि धरून ठेवला. मग सोडला. ब्लूबेरीच्या वासाचा भलामोठा पांढरा ढग टेबलावरून सरकत गेला आणि मांजर खिडकीतून उठून निघून गेलं. डल्सी खुर्चीत मागे रेलली आणि हसायला लागली. एकटीच, खांदे हलेपर्यंत. दुसरा झुरका तिनं निव्वळ मिजाशीत घेतला.

सेल्बी दारात उभा होता. त्याच्या बोटांत आता काही नव्हतं.

"जमलं म्हणायचं," तो म्हणाला.

"दिसतंय ना."

तो सिंकपर्यंत गेला, खिडकीतून समुद्राकडे बघितलं, परत आला. "उद्याही बोट येईलसं वाटत नाही."

"नाही येणार."

"त्या डब्यात दुसरा संच आहे वाटतं."

"रॉक्सननं दोन पाठवलेत. काकाला ओळखते ती."

"मग मला एक करून दे."

"नाही देणार. तूच करायचं. मी सांगते." तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. "आधी हात धुऊन ये. कापसाला मासळीचा वास लागेल."

जन्मभर समुद्रावर कुणाचं न ऐकलेल्या सेल्बीनं बाह्या कोपरापर्यंत सरसावल्या, साबण घेतला आणि नखांच्या आतून घासायला सुरुवात केली. डल्सीनं पायानं समोरची खुर्ची बाहेर ओढली.