दुसरा शनिवार

“बँक सोमवारी उघडेल,” सुधाकर म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला. “आज दुसरा शनिवार.”

नूपुरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून जपानचं विमान होतं. बॅग दाराशी उभी होती. सकाळपासून तिने सगळी कपाटं पालथी घातली, तेव्हा कुठे बाबांनी तोंड उघडलं. पासपोर्ट त्यांनी आईच्या दागिन्यांसोबत लॉकरमध्ये ठेवला होता. म्हणे, हरवायला नको! बँकेत जन्म गेलेला माणूस दुसरा शनिवार विसरतो, हे शेंबडं पोरही मानणार नाही.

“बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत.”

“स्पर्धांना कधी अडवलं तुला? चार दिवस खेळायचं, परत यायचं. हे क्लबबिब वेगळं. बॉल फेकायला दोन वर्षं जपानात राहायचं? लग्नाचं वय निघून चाललंय तुझं!”

अडवलं नव्हतं, खरंच. उलट ती भारताच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे बॉल फेकणारी, झाली, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिला शाल-नारळ मिळाला आणि फोटोत पुढे बाबाच. कोलकात्यातल्या या सॉल्ट लेकमध्ये बेसबॉल कुणाला ठाऊक? ‘क्रिकेटची चुलत बहीण,’ असं तेच हसून सांगायचे. लेकीचा हात मिरवायला हवा होता, फक्त तो घराबाहेर राहायला नको होता. या ढोंगाचीच तिला जास्त चीड आली.

तिची आई, रजनी, स्वयंपाकघराच्या दारात गप्प उभी. तिचाही राग आला. शाळेत असताना नूपुरचे बॉल गच्चीवर हीच झेलायची. तळवा सुजायचा, त्याच हाताने पोळ्या लाटायची, पण उद्या नको असं कधी म्हणाली नाही. आणि आज तोंडात मिठाची गुळणी!

“पासपोर्ट नसला तरी मी या घरातून जाते,” नूपुर ओरडली.

“जाते म्हणू नये गं,” रजनी सवयीने पुटपुटली. “येते म्हणावं.”

“आई, तुला आत्ता हे सुचतंय?”

रजनी आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात दह्याची वाटी होती. दुसऱ्या हातात पासपोर्ट.

सुधाकरांच्या बशीतला चहा सांडला. “हा तर लॉकरमध्ये...”

“गुरुवारी काढून आणला. किल्ली देवघरातच होती.” तिने पासपोर्ट नूपुरला दिला. “लॉकर दोघांच्या नावावर असला की दोघांपैकी कुणीही उघडू शकतं. गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना? तुम्ही आपणहून बोलाल म्हणून आजपर्यंत थांबले.”

“मला न विचारता?”

“तुम्ही विचारलं होतंत तिला?”

सुधाकर उठले. “जाऊ दे. पंधरा दिवसांत रडत परत येईल.”

रजनीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने लेकीच्या उजव्या तळहातावर दही घातलं. नूपुरने ते चाटलं, वाकून पाया पडली. रागातही सवयीचाच शब्द बाहेर आला.

“येते, आई.”

“नाही,” रजनी म्हणाली. “आज जाते म्हण.”