चाळीस पोस्टरं

"नाही चालणार," ती म्हणाली आणि कागद टेबलावर पालथा घातला.

तो जाहिरातींचा मजकूर लिहायचा. चोवीस वर्षं त्याने साबण, सिमेंट, गाद्या, वाटेल ते विकलं होतं. भल्याभल्या शेठ लोकांना गुंडाळलं होतं. पण सगळ्यात अवघड क्लायंट घरातच बसला होता, त्याची बायको. आणि जाहिरात होती त्यांच्या मुलाची. एकोणीस वर्षांचा, पाच महिन्यांपूर्वी घरातून निघून गेलेला. हे चौथं पोस्टर.

"'घरी ये, कोणी रागावणार नाही.' यात वाईट काय आहे?"

"सगळेच हे लिहितात. एवढ्यासाठी पगार देतात तुला?"

"मग तूच सांग."

"त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचं लिही. आजोबांचं, चावीचं. एक दिवस चावी दिली नाही की बंद पडतं."

"अगं, रस्त्यावरचा माणूस तीन सेकंद बघतो. त्यात घड्याळाची गोष्ट कुठे कोंबू?"

"तो बूट घालायचा, तेवढ्यात मी चावी द्यायची. त्याच्या कधी लक्षात राहायचं नाही." ती टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिली. "आणि माझाही नंबर टाक."

"दोन नंबर टाकले की एकही लक्षात राहत नाही. हा धंद्यातला पहिला नियम आहे."

"तुझा धंदा," ती म्हणाली. पण हट्ट धरला नाही.

मुलगा गेला त्या सकाळी भांडण झालं होतं. भांडण कसलं, बापाने एक ओळ टाकली होती. 'या घरात फुकट खाणाऱ्याला जागा नाही.' चोवीस वर्षांत त्याने हजारो ओळी लिहिल्या. इतका ताबडतोब परिणाम एकीचाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुलपाच्या कंपनीसमोर पिच होतं, जाहिरातीची कल्पना मांडून काम मिळवायचं होतं. शेठ यायच्या आधी सगळे चहा पीत बसले होते.

"होर्डिंगं कुठे लावायची?" हिशेबनीस बाईंनी विचारलं. त्यांना खर्चाची काळजी.

ऑफिसातल्या चित्रकाराला सगळे ब्रश म्हणत. तो म्हणाला, "शेठच्या बंगल्यापासून कारखान्यापर्यंत. येता-जाता सहा दिसली की त्याला वाटतं, अख्ख्या शहरात आपलाच बोलबाला आहे. बाकी शहर गेलं खड्ड्यात."

"ही तर फसवणूक झाली."

"बाई, फसवणूक कसली? समाधान विकतो आपण."

सगळे हसले. तोही हसला. ही युक्ती या धंद्यात सगळेच करतात आणि कोणीच कबूल करत नाही.

शेठ आले. मजकूर त्याचा, म्हणून तो उभा राहिला. "कुलूप कोणी विकत घेत नाही, साहेब. माणूस झोप विकत घेतो."

शेठनी मान डोलावली. "छान. तुम्ही स्वतः रात्री कुलूप लावता ना पण?"

"आमचं दार उघडंच असतं."

खोलीभर हशा पिकला. ब्रश तेवढा हसला नाही.

काम मिळालं. ऑफिसच्या मालकाने पाठ थोपटली, मुलाचं काही कळलं का असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मंगळवारपर्यंत मजकूर मागितला.

संध्याकाळी ब्रशने पोस्टर छापायला घेतलं. या वेळी मजकुरात घड्याळ होतं. बायकोसमोर त्याने शेवटी हात टेकले होते.

"चाळीसच?" ब्रश म्हणाला. "एवढं मोठं शहर आहे. चारशे काढतो की. कागद काय आपल्या बापाचा आहे?"

"चाळीस पुरतात."

"लावतोस तरी कुठे?"

"आमच्या दारापासून बायकोच्या बँकेच्या फाटकापर्यंत."

ब्रशचा हात मशीनवरच थांबला. त्याने वळून बघितलं.

"कधीपासून?"

"अकराव्या दिवसापासून."

मुलगा घरातून निघून गेल्याच्या अकराव्या दिवशी दुसऱ्या गावच्या इस्पितळातून फोन आला होता. पोलिसांकडच्या तक्रारीत त्याचाच नंबर होता. बाहेरगावी पिच आहे असं सांगून तो घरातून निघाला. ओळख पटवली, सह्या केल्या, एकट्याने सगळं उरकलं. परत आला तेव्हा बायकोने दारातच विचारलं होतं, "जमलं का?" तो म्हणाला होता, "नाही."

"सांगून टाक रे तिला," ब्रश म्हणाला.

"काय सांगू? माझी ओळ ऐकून गेला तो. वाट बघायची आहे म्हणून ती उठते, बँकेत जाते, दोन घास खाते. तेवढंही काढून घेऊ?"

ब्रशने चाळीस प्रती मोजून दिल्या.

पहाटे त्याने सगळी चिकटवली. बायको नेहमीच्या वेळेला निघाली. सव्वादहाला बँकेतून तिचा फोन आला.

"बघितलं पोस्टर. घड्याळ टाकलंस."

"हो."

"बरं केलंस. डबा ठेवलाय ओट्यावर. विसरू नकोस."

त्याने फोन ठेवला. मग उठला आणि बैठकीतल्या कपाटाचा खालचा खण उघडला. तिथे त्याची जाहिरातीची बक्षिसं होती. बायको त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. म्हणून इस्पितळातून आणलेला कागद आणि घड्याळ त्याने तिथल्याच एका मखमली डबीत ठेवलं होतं. त्यांनी हातात दिलं तेव्हा ते चारला दहा कमी असताना बंद पडलेलं होतं. त्यानंतर आजवर त्याने डबीला हात लावला नव्हता.

त्याने डबी उघडली. कागद चौघडी घालून नीट ठेवलेला होता.

घड्याळ चालू होतं. भिंतीवरच्या घड्याळात आणि त्यात मिनिटाचाही फरक नव्हता.